मालकाची आंघोळ

"बाई, फ्लॅट घेतलाय, भाड्यानं द्यायचाय, दोन गोष्टी सांगा ना," असं म्हणत कुणी आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते. "तिथं आंघोळ केलीस का?" समोरचा आधी हसतो, मग माझ्याकडे नीट बघतो, बाईंचं डोकं फिरलंय की काय म्हणून. फिरलेलं नाही. अब्बासचाचांनी मला हेच करायला सांगितलं आणि मी हसले, तेव्हा फिरलं होतं. त्या हसण्यापायी पुढं एका सकाळी सुनीता नावाच्या पोरीचा जीव टांगणीला लागला, आणि तो टांगणारी मी होते.

अब्बासचाचा दिघीचे. कंपन्या यायच्या आधीपासूनचे. "आमी हितलंच," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. धंद्यानं प्लंबर, आणि घरामागं बांधलेल्या सात खोल्यांचे मालक. सातही खोल्या चाकणला शिफ्टला जाणाऱ्या लोकांना दिलेल्या. उंच, हडकुळा माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि डाव्या खांद्यावर निळ्या पट्ट्यांचा टॉवेल. लग्नाला जातानाही शेरवानीवर तो टॉवेल असायचा आणि चाची कपाळाला हात लावायच्या. त्यांची नात माझ्या वर्गात होती, त्यामुळे मी त्यांची 'बाई' झाले ती कायमचीच.

आम्ही संत तुकाराम नगरात राहतो. पीएफ काढून, मिस्टरांशी महिनाभर भांडून मी दिघीत एक छोटा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नळाची कामं करून घ्यायची म्हणून चाचांना बोलवायला गेले, तर त्यांच्या अंगणात एक बिऱ्हाड ताटकळत उभं. गाद्यांची वळकटी, पिंपभर भांडी, कडेवर पोर. सातव्या खोलीत नवे भाडेकरू यायचे होते, पण खोलीचं दार आतून बंद, आणि आतून बदाबदा पाणी ओतल्याचा आवाज. मी चाचींना विचारलं, "आत कोण आहे?" त्या म्हणाल्या, "मालक आंघोळ करायलेत."

थोड्या वेळानं चाचा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले आणि त्या बिऱ्हाडाला म्हणाले, "आज खोली मिळणार न्हाई. पाणी मोरीकडं जायच्या ऐवजी उंबऱ्याकडं येतंय. उद्या फरशी उकरतो."

तो बाप्या भडकला. टेम्पोवाला दारात उभा, बायको रडकुंडीला आलेली. "चाचा, पाणी आलं तर आलं, पुसून घेऊ की आम्ही!"

"तुमी पुसाल. हे पोरगं घसरंल." एवढं बोलून चाचांनी त्यांची वळकटी उचलली आणि स्वतःच्या घरात नेऊन ठेवली. तीन दिवस ते कुटुंब चाचांच्या पुढच्या खोलीत राहिलं, आणि चाचा-चाची स्वयंपाकघरात झोपले.

ही त्यांची रीत. खोली नवी असो की रिकामी झालेली, तिथं आधी मालक आंघोळ करणार, चहा करून पिणार, दार लावून दुपारची डुलकी काढणार. मगच चावी द्यायची. माझ्या फ्लॅटचं काम संपलं त्या दिवशी मला म्हणाले, "बाई, आता तुमी एक आंघोळ करून घ्या हितं."

मी खो खो हसले. "चाचा, लोकांना कळलं तर म्हणतील, घरी पाणी येत नाही वाटतं बाईंच्या!"

ते हसले नाहीत. "मी केली तर ती प्लंबरची झाली. ही मालकाची असती. ज्याचं भाडं त्याची आंघोळ." मी "बघू हो" म्हणून विषय टाळला. शहाणी ना मी!

बाकी मात्र त्यांचं सगळं ऐकलं, कारण बाकीचं सगळं मला सोयीचं होतं. अकरा महिन्यांचा करार करून तो नोंदवायचाच, समोरचा सख्खा भाऊ असला तरी. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची. आत जायच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचा, नळांचा, भिंतींचा फोटो काढायचा. तक्रार आली की दोन दिवसांत मिटवायची. हा नियम मी फार मनावर घेतला, आणि त्यानंच माझा घात केला, ते पुढं येईल.

भाडेकरू निवडताना मात्र मी पहिल्यांदा त्यांच्या शिव्या खाल्ल्या. माझी यादी तयार होती. शाकाहारी, कुटुंब, शक्यतो 'आपल्यातले'. मी ती वाचून दाखवत होते आणि चाचा पाना साफ करत होते. "नाव विचारा, गाव विचारा, कंपनीचं कार्ड बघा," ते म्हणाले. "ताटात काय हाय ते कशाला विचारता?" मग पाना खाली ठेवून म्हणाले, "माज्या जावयाला पाच सोसायट्यांनी परत पाठवलं, बाई. नाव ऐकून. इंजिनियर हाय त्यो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादी मी तिथंच चुरगाळली आणि पर्समध्ये कोंबली.

अशा रीतीनं गणेश आणि सुनीता आले. लातूरकडचे, लग्नाला वर्षही न झालेले. तो चाकणच्या एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला. ती बावीस वर्षांची, बडबडी, दिसेल त्या डब्यात तुळस लावणारी. चाचांनी त्या दोघांना माझ्यासमोर बसवून एक पाकीट केलं. त्यात घराची जादा चावी, वरून डिंक, आणि डिंकाच्या घडीवर दोघांच्या सह्या. "ही बाईंकडं राहील. पाकीट फाटलेलं दिसलं तर तुमी बाईंना जाब विचारायचा." माझ्याकडे वळून म्हणाले, "आन तुमी हे कराराच्या फायलीतच ठेवायचं. फाइल एका जागी, पाकीट दुसऱ्या जागी, असं न्हाई."

मला ते सगळं नाटक वाटलं होतं. तसंच बाथरूमच्या कडीचं. मी जाड स्टीलची कडी आणली होती, चांगली दिसावी म्हणून. चाचांनी ती परत करायला लावली आणि ॲल्युमिनियमची हलकी कडी अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी बसवली. मी म्हटलं, "अहो, ही तर एका धक्क्यात निघेल." ते म्हणाले, "व्हय. एका धक्क्यात निगाय पायजे." माझा जीव त्या कडीवर चडफडत राहिला. प्रत्येक वेळी दिसली की वाटायचं, म्हाताऱ्यानं माझ्या नव्याकोऱ्या फ्लॅटला चाळ करून टाकलं.

एकदा मी न सांगता फ्लॅटवर गेले होते. जवळून चालले होते म्हणून. सुनीतानं चहा केला आणि मी मालकिणीच्या रुबाबात ओट्यावर हात फिरवला, कपाट उघडून बघितलं. चाचांना कसं कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी फोन आला. "बाई, तुमच्या वर्गात इन्स्पेक्टर न सांगता घुसला तर कसं वाटतं? फोन करून जायचं. आन कपाटं उघडायची न्हाईत." ते स्वतः तर स्वतःच्या अंगणातसुद्धा खाकरत यायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात सुनीता म्हणाली, "बाई, पाणी तापवायला लई वेळ जायलाय, गिझर बसवून द्या की." विजेचा बसवला तर बिलावरून रडारड नको म्हणून मी गॅसचा बसवला. दुकानातला माणूस आला, बाथरूमच्या भिंतीवर तो डबा टांगून, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला जोडून अर्ध्या तासात मोकळा झाला. चाचांना विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी विचारलं नाही. एवढ्याशा कामाला काय विचारायचं म्हणून. पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन. "बाई, बाथरूमच्या खिडकीतून कबुतरं आत यायलीत, लई घाण करायलीत." ती तिरक्या काचपट्ट्यांची छोटी खिडकी, एकुलती एक. दोन दिवसांत तक्रार मिटली पाहिजे ना? मी दीड दिवसात मिटवली. बाहेरून प्लॅस्टिकचा जाड पत्रा ठोकून घेतला, कडांना सिलिकॉन मारून. कबुतर काय, मुंगी आत जाणार नाही. मी किती खूश होते स्वतःवर!

त्यानंतर चार-पाच दिवसांनी करार नव्यानं करायचा होता. साक्षीला चाचाच असायचे, म्हणून शाळेतून रजा काढून, फाइल घेऊन मी सकाळी त्यांच्याकडे गेले. चाचींनी चहा दिला. मी अगदी शाबासकी मिळवायच्या थाटात सांगितलं, गिझर बसवला, खिडकी पॅक केली, दोन्ही तक्रारी वेळेत मिटवल्या.

चाचांनी कप खाली ठेवला. "गिझर कुठं बसवला?"

"बाथरूममध्ये."

"आतच? आन खिडकी बंद?"

"पॅक. एक कबूतर येत नाही आता."

ते उभे राहिले. "पोरगी कवा आंघोळ करती?"

मी घड्याळाकडे बघितलं. गणेश पहाटेच शिफ्टला जायचा, ती कपडे धुऊन अकराच्या सुमाराला आंघोळीला जायची. अकरा वाजून गेले होते. "तिला फोन लावा," चाचा म्हणाले. मी लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. गणेशला लावला, त्यानं उचलला नाही. लाइनवर मोबाइल न्यायला परवानगी नव्हती. मी म्हटलं, "अहो, कपडे वाळत घालत असेल." चाचा तोवर चप्पल घालून माझ्या स्कूटीजवळ पोचले होते. उभ्या जन्मात तो माणूस कधी बाईमाणसाच्या मागं स्कूटीवर बसला नव्हता. मागून एकसारखं एवढंच ऐकू येत होतं, "चला, बाई, चला, चला."

तीन जिने ते गुडघे धरून माझ्या आधी चढले. बेल वाजवली. दार ठोठावलं. मी पुन्हा फोन लावला आणि तो घरातच वाजताना ऐकू आला. त्याच्या मागं पाण्याचा आवाज. सतत, एकसारखा, कुणी तांब्यानं अंगावर घेत नसलं की येतो तसा.

"पाकीट," चाचा म्हणाले.

फाइल माझ्या हातातच होती. मी तिच्यातून पाकीट बाहेर काढलं. अशा घाईतही ते म्हणाले, "गणेशला मेसेज टाका, दार उघडतोय म्हणून." मी काय टाइप केलं ते देवाला ठाऊक. मग सुनीताच्या त्या गोल गोल अक्षरांतल्या सहीवरून पाकीट टरकावलं.

आत गेल्या गेल्या चाचा स्वयंपाकघरात धावले आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. मी बाथरूमचं दार बडवत होते. "सुनीता! अगं सुनीता!" उत्तर नाही. दाराखालून पाणी येत होतं, चांगलं कढत. चाचा माझ्या मागं येऊन उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. "बाईमाणूस हाय आत. तुमी ढकला. खांद्यानं. जोरात."

मी ढकललं. एका धक्क्यात कडी स्क्रूंसकट उडून पलीकडे पडली.

ती भिंतीला टेकून बसली होती, मान छातीवर पडलेली, वरून शॉवर चालू. मला वाटलं, गेली. त्या क्षणी मला माझा फ्लॅट, माझा करार, माझा शहाणपणा, सगळ्याची शिसारी आली. पाठीमागून चाचांचा टॉवेल माझ्या खांद्यावर येऊन पडला. "गुंडाळा तिला. वढा बाहीर. गॅलरीत न्या, गॅलरीत!" ते अजून भिंतीकडेच बघत होते, डोळे घट्ट मिटून. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून फरशीवरून ओढत नेलं, तेव्हा कुठं ते पुढं झाले आणि त्यांनी घरातली दारं-खिडक्या धाडधाड उघडल्या. गॅलरीत तिच्या तुळशीच्या डब्यांमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गालावर थापट्या मारत राहिले. किती वेळ, मला माहीत नाही. मग तिला एकदम उलटी झाली, माझ्या साडीवर. आयुष्यात कुणाच्या उलटीनं इतका आनंद झाला नसेल मला.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद बाथरूममध्ये गिझरच्या जळत्या गॅसचा विषारी वायू साठला होता, त्याला वाससुद्धा नसतो. दुपार उलटली तेव्हा तिनं डोळे नीट उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "बाई, बादलीतले कपडे तसेच राहिले का?" मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. चाचा शेजारी बसले होते, उघड्या खांद्यानं. टॉवेलाशिवाय ते फार म्हातारे दिसत होते.

"तुम्हाला कसं कळलं, चाचा?" मी विचारलं.

त्यांचा हात टॉवेल शोधत खांद्यावर गेला. मग म्हणाले, "एकदा मला पोचाय उशीर झालता."

"कुणाच्या घरी?"

"माज्याच खोलीत. पैला भाडेकरू."

ती हलकी कडी कुठून आली, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात गणेश आला, कंपनीच्या कपड्यांत, पायात लोखंडी टोकाचे बूट. डॉक्टरांशी बोलून तो सरळ माझ्याकडे आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुम्ही देवासारख्या आलात. तुम्ही नसता तर..." आणि पोरगा हमसून रडायला लागला.

चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं नसतं याची मला खात्री होती. मी गप्प बसले असते तर त्या पोरासाठी जन्मभर देवच राहिले असते. आणि खरं सांगते, क्षणभर मोह झाला.

"गणेश, खिडकी मीच बंद करून घेतली होती," मी म्हटलं. "गिझर आत मीच लावून घेतला. माझ्यामुळं झालं हे."

त्यानं हात सोडले. "पण सुनीतानंच सांगितलं होतं ना कबुतरांचं..." तो पुटपुटला.

"तिला काय ठाव?" चाचा पहिल्यांदाच बोलले. "मालक कोण हाय?"

गणेश समोरच्या भिंतीशी जाऊन बसला. पुढं महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी मला फ्लॅटवर बोलावलं, गणेशला विचारून. त्यांनी प्लॅस्टिकचा पत्रा उचकटला, गिझर काढून बाहेर गॅलरीत लावला, पाइप भिंतीतून आत घेतला, खिडकीला जाळी बसवली. हवा जाईल पण कबूतर येणार नाही अशी. पन्नास रुपयांची जाळी! मी हे का केलं नव्हतं? नवी कडी लावली, तशीच हलकी, त्याच अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी. मग हात धुऊन मला म्हणाले, "आता जावा. आंघोळ करा. मी खाली जिन्यात बसतो."

मी हसले नाही. आत गेले, कडी लावली. अंगावर पाणी घेतलं आणि जिथं सुनीता बसली होती, तिथंच बसले. तिथून किती गोष्टी दिसतात! गरम पाण्याचा नळ नको तिथं, उघडायला जावं तर हात भाजतो. साबण ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात पाणी साठतं. इतके दिवस पोरीनं हे सगळं गपगुमान सोसलं आणि दोनदाच तोंड उघडलं, गिझरसाठी आणि कबुतरांसाठी. खाली आले तेव्हा माझे डोळे लाल झाले होते. चाचांनी फक्त विचारलं, "काय काय निगालं?" मी तीन गोष्टी सांगितल्या. त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि पुन्हा जिना चढायला लागले.

गणेश-सुनीता त्यानंतर दोन वर्षं राहिले. चाकणजवळ स्वतःचं घर झाल्यावर गेले. जाताना सुनीतानं चाचांचा तो टॉवेल धुऊन, इस्त्री करून, पेढ्यांच्या पुड्यासोबत परत दिला. चाचींनी म्हणे तो कपाटात जपून ठेवला, आणि चाचांनी दुसऱ्या दिवशी परत काढून खांद्यावर टाकला.

चाचांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच महिन्यात. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. नवे भाडेकरू यायचे होते, नगरकडचं एक जोडपं, सोबत सासूबाई. चाचांचे गुडघे पार गेले होते. रिक्षानं आले, पण जिना काही चढवेना. खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काठी धरून बसले. टेम्पो येऊन उभा होता. नव्या भाडेकरणीनं चावीसाठी हात पुढं केला आणि चावी चाचांच्या हातात होती.

"थांबा जरा," ते तिला म्हणाले. "बाई वर गेल्यात."

मी वर होते. बाथरूमची कडी लावून, पाणी चांगलं कढत करून, शंभर आकडे मोजत बसले होते. खिडकीच्या जाळीतून थंड वारा आत येत होता आणि वाफ बाहेर जात होती. अंग पुसून साडी नेसले, पण केस पुसायचे विसरले. तीन जिने उतरून खाली आले तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकीणबाई भर दुपारी निथळत्या केसांनी पार्किंगमध्ये! सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

चाचांनी मान वर करून माझ्या केसांकडे बघितलं. पाणी टपटप फरशीवर पडत होतं. त्यांनी त्या पोरीच्या हातात चावी दिली. मग खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यापुढं धरला.

"डोकं पुसा, बाई," ते म्हणाले. "सर्दी हुईल."